तिसऱ्या कप्प्यातली पावडर

गेल्या वर्षी माझ्या पायाची जखम चार महिने भरली नाही. दोन औषधं लागू पडली नाहीत, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरी डुकरं पाळता ना? खाद्यात औषध घालता?"

घालत होतो. आजारी असो वा नसो, सगळ्यांना, रोज. डुकरांच्या अंगातले जंतू त्या औषधाला सरावले असणार आणि तेच जखमेत शिरले असणार, असं बाई म्हणाल्या. घरी येताच ह्यांनी त्या औषधाच्या पावडरचा डबा कपाटात बंद केला आणि किल्ली माझ्याकडे दिली. इथेच चुकले बिचारे.

मग ह्यांचं नवं शास्त्र सुरू झालं. पिल्लांना आईपासून आठवडाभर उशिरा तोडायचं, खाद्य आंबवून द्यायचं, खाली कोरडा पेंढा. त्या आंबट वासाने माझं डोकं उठायचं, पण पिल्लं मिटक्या मारत खायची. मी तोंडाने 'बरं' म्हणत होते. मनातून काडीचाही विश्वास नव्हता.

आईपासून तोडल्याच्या चौथ्या दिवशी डुकरांच्या गोठ्यातल्या तिसऱ्या कप्प्यात हगवण लागली. अकरा पिल्लं, पोटं खपाटीला गेलेली.

"थांब, सावरतील," हे म्हणाले आणि निवांत पेंढा बदलू लागले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड! हे बाहेर गेल्यावर मी कपाट उघडलं आणि खाद्यात पावडर कालवली. असं तीन दिवस केलं.

पिल्लं टुणटुणीत झाली. हे इतके हरखले, की शेजारच्या दादांना घेऊन आले. दादांकडे आमच्या दुप्पट डुकरं.

"बघा, औषधाचा कण नाही!"

"मग मीही उद्यापासून बंद करतो," दादा म्हणाले.

त्यांची पिल्लं माझ्या खोट्याच्या भरवशावर राहणार, हे मला सोसवेना.

"दादा, पावडर मी घातली होती."

दादांनी काढता पाय घेतला. आता हे बरसणार, असं मला वाटलं. पण हे पेंढ्यावर बसले.

"मलाही धडकी भरली होती. तू आणखी घाबरशील म्हणून बोललो नाही."

"धन्य आहे! मी एकटीच घाबरलेय असं वाटलं, म्हणून तर चोरी केली."

पुढच्या खेपेच्या अकरा पिल्लांनाही हगवण लागली. गुरांच्या डॉक्टरांनी फक्त दोन गळून गेलेल्या पिल्लांना इंजेक्शन दिलं. बाकीच्यांना आम्ही आळीपाळीने मीठ-साखरेचं पाणी पाजत बसलो. एक पिल्लू गेलं. मी रडले. ह्यांनीही डोळे पुसले आणि दादांकडे जायला चपला घातल्या.

"दादांना काय सांगणार?" मी विचारलं.

"दहा वाचली, एक गेलं. आणि आम्ही दोघंही घाबरलो होतो."