आई की मशीन?

पेसमेकर बसवताना डॉक्टरांनी ह्यांना विचारलं होतं, "काम काय करता?" हे म्हणाले, "बसून असतं." खोटं नव्हतं. शिंपी काय उभ्याने शिवतो? पण बसल्या बसल्या पाय दिवसभर चालत असतात, हे सांगायचं ना ह्यांना सुचलं ना मला.

घरी आल्यावर पुढच्या खोलीत मशीनवर बसले आणि एक बाही पुरी व्हायच्या आत छाती धरली. "अगं, मी बसलोय आणि आत कोणीतरी धावतंय!"

तपासणीच्या खोलीत टेक्निशियन मॅडमनी छातीवर चकती ठेवली, पडद्यावरच्या रेघा पाहिल्या. ह्यांच्या हृदयाचे वरचे कप्पे अधूनमधून पिसाटतात. तसं झालं की यंत्र त्यांचं ऐकणं सोडतं आणि आपल्या ठेक्याने खालचे कप्पे चालवतं.

"शहाणं आहे," मी म्हटलं. "मला आयुष्यभर नाही जमलं."

मॅडम हसल्या. हे हसले नाहीत.

"पण ठोके कधी वाढवायचे, हे त्याला कळायला हवं ना? म्हणून हालचाल ओळखणारा सेन्सर असतो. काका मशीन चालवतात आणि त्याला वाटतं, डोंगर चढताहेत."

"मग बंद करा त्याला."

"करते. पण वरचे कप्पे बिघडलेले असताना जड काही उचलायचं नाही हं, काका. ठोके वाढणार नाहीत, चक्कर येईल."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. जड म्हणजे सासूबाई. डोळे गेलेले, पाय गेलेले, आठवण जायला निघालेली. माझी कंबर कामातून गेलेली, त्यामुळे खाटेवरून बाथरूमपर्यंत त्यांना उचलून न्यायचे ते हेच. परक्या बाईचा हात लागला की त्या किंचाळायच्या.

मॅडमनी सेन्सर पुरता बंद न करता मधलं काहीतरी लावून पाहिलं. शिवताना धडधडायचं ते धडधडायचंच आणि आईला उचलताना डोळ्यांपुढे काजवे. मशीनला मोटर बसवली, तर अधू नजरेमुळे टेबलाला छाती टेकून शिवायची ह्यांची सवय. हादरे थेट यंत्राच्या कानात. तेल गेलं, तूप गेलं.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "काका, एक काहीतरी ठरवा."

ह्यांनी आपले हात उलटेसुलटे करून पाहिले. बोटावरच्या सुईच्या घट्ट्यावर अंगठा फिरवला. "सेन्सर राहू द्या," म्हणाले. "मशीन काय, झाकून ठेवता येतं."

मोटर काढली, मशीनवर चादर घातली. गिऱ्हाइकं दारातूनच परत जायला लागली. आणि तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी घास थुंकला.

"पोरगं कुठंय माझं? मशीन का गप्प आहे?"

"हा काय मी, आई." ह्यांनी उचलायला हात घातला, तर त्या लाकडासारख्या ताठ झाल्या.

"कोण रे तू?"

"तुझा मुलगा."

"तसं सगळेच म्हणतात."

तेव्हा आम्हाला कळलं. सासूबाई ह्यांना आवाजाने, स्पर्शाने ओळखतच नव्हत्या. मशीन थांबलं की येतो तो मुलगा, एवढाच हिशोब डोक्यात शिल्लक होता. आता थांबायला मशीन चालतच नव्हतं.

मी चादर काढली आणि कापड न लावताच मशीन चालवायला बसले.

"हा पाय त्याचा नाही," आतून आवाज आला. "ही सून. धोपटतेय नुसती."

मरणाच्या दारातही सासूपण शाबूत! मी हसले आणि मला रडूही आलं. हे शेजारी स्टूल घेऊन बसले. "टाचेने नको गं, चवड्याने. शिवण वळते तिथे जरा थांब. आता सोड." माझ्या गुडघ्यावर बोटांनी ठेका धरायचे. चिंध्या जोडत मी शिकत राहिले. ह्यांचा पाय माझ्या पायात उतरायला उन्हाळा सरला; तोवर सासूबाई ताठ झाल्या तरी हेच त्यांना उचलून न्यायचे.

एका दुपारी आतून हाक आली. लाडाची, कित्येक दिवसांत न ऐकलेली.

"पोरा, आलास होय रे कामाला?"

हे ताडकन उठले. मी पाय थांबवणार, तोच ह्यांनी हाताने खुणावलं, चालू ठेव.

"हो, आई. इथेच आहे."

"अरे, एक परका माणूस येतो रे मला उचलायला. तसा वाईट नाही. पण त्याची छाती फार धडधडते, मला भीती वाटते. त्याला म्हणावं, जरा हळू उचल."

हे दाराची चौकट धरून उभे राहिले. मी चवड्याने मशीन चालवत राहिले, वळणावर थांबत, पुन्हा सोडत.

"सांगतो, आई," हे म्हणाले.