घेवड्याचे अकरा दाणे

मी एक जुना स्टीलचा डबा आहे. उंचीला वीतभर, झाकण घट्ट, बुडाशी एक पोचा. मित्रांनो, डब्याला कसलं आलंय आयुष्य, असं तुमच्या मनात आलं असेल. येऊ दे. मी राग धरत नाही. पण एकदा माझ्यामुळे एका बाईच्या तोंडचं पाणी पळालं होतं, आणि चूक माझ्या वासाची होती. तेवढं सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझं पहिलं घर नागपूरचं. इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानातून मीनाक्षीबाईंनी मला वास्तुशांतीसाठी घेतलं. दुकानदाराने विचारलं, "नाव काय घालायचं?" आणि करकर करत त्याची सुई माझ्या झाकणावरून फिरली: सौ. मीनाक्षी अनिल पांढरीपांडे, १९९१. नाव घालताना दुखतं बरं का. पण त्यानंतर मी जगातल्या कुठल्याही घरी गेलो तरी परत कुठे यायचं, हे ठरून गेलं.

आणि मी पुष्कळ घरं फिरलो. चिवडा घेऊन गेलो की शेजारीण मला घासूनपुसून, आत काहीतरी घालूनच परत पाठवायची. निदान मूठभर साखर तरी. रिकामा डबा परत करायचा नाही, ही आमच्याकडची रीत. मला तिचा फार अभिमान. पस्तीस वर्षांत रिकाम्या पोटी मी कुणाच्या दारातून परतलो नव्हतो.

मीनाक्षीबाईंची लेक वल्लरी शिकून अमेरिकेला गेली, चँडलरला चिपच्या कारखान्यात इंजिनियर झाली, आणि तिच्या बॅगेतून मीही गेलो. तिथे माझे हाल झाले. वल्लरीचा नवरा अवधूत प्लास्टिकच्या पारदर्शक डब्यांचा भक्त. त्यांची नऊ वर्षांची शिवांगी मला 'आजीज टिन' म्हणायची आणि हातही लावायची नाही. अखेर मी गॅरेजमध्ये पोचलो. माझ्यात जुने चार्जर आणि वायरी भरल्या होत्या. ॲरिझोनातलं गॅरेज उन्हाळ्यात कसं तापतं, ते मला विचारा. पण एवढं सोसूनही माझ्या अंगातला हिंग-कढीपत्त्याचा वास काही गेला नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मागच्या वर्षी माझं नशीब उघडलं. वल्लरीबरोबर काम करणारी क्लोदीन नावाची बाई मूळची रवांडा देशाची. तिच्या भावाचं लग्न होतं आणि तिने वल्लरीला आग्रहाने बोलावलं. खाऊ कशात न्यायचा, असा प्रश्न आला. क्लोदीन म्हणाली, "प्लास्टिकची पिशवी एकही आणू नकोस. आमच्याकडे एअरपोर्टवरच काढून घेतात." वल्लरीने गॅरेजमध्ये येऊन माझ्यातल्या वायरी ओतल्या, मला तीनदा घासलं आणि चिवडा भरला. अवधूतला मी मनातल्या मनात म्हटलं, बघ आता.

त्या देशाबद्दल मी काय सांगू? मी बहुतेक वेळ बॅगेत होतो. पण वल्लरी रोज रात्री क्लोदीनशी बोलायची ते मी ऐकलं आहे. रस्ते आरशासारखे लख्ख, टेकड्या हिरव्यागार, माणसं हसून नमस्कार करणारी. आणि तरी एका रात्री ती म्हणाली, "क्लोदीन, मी इथे प्रत्येकाचं वय मोजतेय गं. गाडी चालवणारा पन्नाशीचा आहे. म्हणजे तेव्हा वीस. हा तेव्हा कोणत्या बाजूला होता? मला लाज वाटते, पण डोकं थांबत नाही." चौऱ्याण्णव साली, शंभर दिवसांत, तिथे शेजाऱ्यांनी जमात बघून शेजाऱ्यांना मारलं होतं. लाखो माणसं. वल्लरी तेव्हा आठ वर्षांची. तिची परीक्षा संपली होती आणि मी नागपूरच्या फडताळात कुरडया पोटात घेऊन निवांत बसलो होतो. जग असंही असतं, मित्रांनो.

लग्नानंतर आम्ही क्लोदीनच्या मावशीकडे गेलो. तिचं नाव व्हेस्टीन. वल्लरीही तिला मावशीच म्हणायला लागली. घरच्यांना मारलं त्या दिवशी मावशी पलीकडच्या गावी औषध आणायला गेली होती, म्हणून वाचली. घरातली अकरा माणसं गेली. ती कुठे पुरली आहेत, हे चोवीस वर्षं कळलं नाही. शोधायला आलेल्यांना शेजारचा म्हातारा दर वेळी सांगायचा, "इथे काही नाही." मग एका भिंतीचा पाया खणताना ती सापडली. त्याच म्हाताऱ्याच्या परसात.

"तुम्ही त्याच्याशी बोलता?" वल्लरीने विचारलं. क्लोदीन मधे बसून दोघींचं बोलणं पोचवत होती.

"महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सगळं गाव मिळून रस्ता साफ करतं. तो माझ्या शेजारीच कुदळ मारतो. पाणी मागितलं तर देते," मावशी म्हणाली. "क्षमा केली का, ते विचारू नकोस. ते पाहुणे विचारतात."

वल्लरीने माझं झाकण काढून चिवडा ताटलीत ओतला. मावशीने मला मांडीवर घेतलं आणि झाकणावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. हे काय, म्हणून विचारलं. वल्लरीने सांगितलं, हे माझ्या आईचं नाव, डबा कुठेही गेला तरी घरी परत यावा म्हणून. आणि तो रिकामा परत करत नाहीत, हेही सांगितलं. मावशीने मला खाली ठेवलं. मग आत गेली आणि तिच्या शेतातल्या घेवड्याचे दाणे घेऊन आली. एकेक दाणा माझ्यात टाकत तिने एकेक नाव घेतलं. तांबडा मोठा दाणा, तो नवरा. ठिपक्याठिपक्यांचे तीन, ते मुलगे. अकरावा दाणा पांढरा, अगदी बारीक. तो तिच्या जावेचा मुलगा, पाच दिवसांचा. त्यांच्याकडे आठव्या दिवशी बारसं करतात. त्यामुळे त्याला नावच नव्हतं.

"तुझ्या घरी जिथे धान्य ठेवतेस तिथे ठेव," मावशी म्हणाली. "कुणीतरी दूर देशात मोजावं, अकरा होते म्हणून."

"जपून नेईन," वल्लरी म्हणाली. तिने दाणे रुमालात बांधून माझ्यातच ठेवले आणि झाकण दाबून लावलं.

आता ऐका. अमेरिकेच्या विमानतळावर उतरताना आपली माणसं काय करतात, ते मी सांगायला नको. लोणचं, लाडू, मसाला, मेतकूट, बॅगेत काय वाटेल ते असतं आणि "फूड आहे का?" विचारलं की तोंडातून "नो" निघतं. आईने प्रेमाने दिलेलं कचऱ्यात जाऊ नये, एवढाच हेतू. शिवाय वल्लरी व्हिसावर. ग्रीन कार्डची फाइल दहा वर्षं अडकलेली. विमानतळावर एक वाकडा शेरा पडला तर काय होईल, या धास्तीने ही माणसं पापण्यासुद्धा जपून हलवतात. अवधूतचा मेसेज आलाच होता: 'काही विचारलं तर नो म्हण. एक्स्प्लेन करत बसू नकोस, यार.'

पासपोर्टच्या खिडकीवर विचारलं, "अन्न, फळं, बिया, माती?"

"नो," वल्लरी म्हणाली.

शिक्का पडला. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. सामान घेऊन आम्ही दाराकडे निघालो. दार वीस पावलांवर होतं. आणि तेवढ्यात लांब कानांचा एक बुटका कुत्रा आला, बॅगेला नाक लावलं आणि शांतपणे खाली बसला.

कढीपत्ता. पस्तीस वर्षांचा कढीपत्ता, माझ्या अंगात मुरलेला. दाण्यांना तर वासही नव्हता. मित्रांनो, त्या घटकेला मला गॅरेजमध्ये वितळून जावंसं वाटलं.

आम्हाला एका लांब टेबलाकडे नेलं. तिथली अधिकारी जाड काचांच्या चष्म्याची, पिकल्या केसांची बाई होती. ती इंग्रजीत बोलत होती, मी आपल्या भाषेत सांगतो. तिने रबरी हातमोजे चढवले आणि एकेक वस्तू काढत गेली. कपडे. लग्नाचा फोटो. चहाची सीलबंद पाकिटं, ती तिने बाजूला सारली. मग मी.

"या डब्यात काय आहे?"

"नथिंग," वल्लरी म्हणाली. "रिकामा आहे. काही नाही त्यात."

रुमालामुळे दाणे वाजले नाहीत. बाईने झाकण उघडायचा प्रयत्न केला. माझं झाकण परक्या माणसाला दाद देत नाही. त्याला एका बाजूने अंगठा लावून दाबावं लागतं, आणि ती खूण आमच्या घरच्यांनाच ठाऊक. बाईने दोनदा ओढलं, मग मला टेबलावर ठेवलं.

"मॅडम, मी हा उघडणारच आहे," ती म्हणाली. "त्याआधी एकदाच विचारते. तुम्हाला तुमचं उत्तर बदलायचंय?"

वल्लरीचा हात माझ्यावर होता. नाहीच म्हणत राहिली आणि डबा उघडलाच नाही, तर दाणे घरी पोचणार होते. उघडला, तर दाणेही जाणार आणि फाइलवर खोटेपणाचा शेरा बसणार. हो म्हणाली, तर दाणे नक्की जाणार आणि शेऱ्याचं काय होईल, कुणास ठाऊक. मागे रांग खोळंबली होती. तिच्या डोळ्यांसमोर चँडलरचं घर, शिवांगीची शाळा, सगळं उभं राहिलं असणार.

मग ती मराठीत पुटपुटली. मलाच सांगत असावी. "मी काय बोलले हे? काही नाही त्यात? तो म्हातारा हेच म्हणायचा."

तिने अंगठा लावून दाबलं आणि झाकण उघडलं.

"आहे," ती इंग्रजीत म्हणाली. "मी खोटं बोलले. यात घेवड्याचे अकरा दाणे आहेत. ते एका घरातली मेलेली माणसं म्हणून दिले आहेत. मी ते जपून नेईन असं सांगून आले आहे."

बाईने रुमाल सोडला. दाण्यांकडे पाहिलं. वल्लरीकडे पाहिलं. "कुठून आलात?"

"रवांडा."

"बिया आत सोडता येत नाहीत," ती म्हणाली. "कुणाच्याही असल्या तरी. मला त्या नष्ट कराव्या लागतील. आय ॲम सॉरी."

"घ्या," वल्लरी म्हणाली. "पण मोजून घ्या. आणि आकडा कागदावर लिहा. तेवढंच मागते."

 बाईने हातमोजे काढले, एक पिशवी उघडून धरली आणि म्हणाली, "तुम्हीच टाका. मी मोजते."

वल्लरीने तांबडा दाणा उचलला. "फिदेल." बाई म्हणाली, "एक." "कालिस्त." "दोन." रांगेतली माणसं पाहत होती. सातव्या दाण्याशी वल्लरी अडली. तिला नाव आठवेना. ओठ नुसते हलत होते. मला येत होतं हो ते नाव. मावशीने ते माझ्याच पोटात टाकलं होतं. पण डब्याला बोलता येत असतं तर आणखी काय हवं होतं. बाई पेन धरून उभी राहिली. तिने घाई केली नाही.

"दोनाता," वल्लरी अखेर म्हणाली. "सासूबाई. दोनाता."

"सात."

शेवटी पांढरा बारीक दाणा उरला. "याला नाव नव्हतं," वल्लरी म्हणाली. "पाच दिवसांचा होता."

"अकरा," बाई म्हणाली, आणि तिने ते कागदावर लिहिलं. मग तो कागद वल्लरीला दाखवला. "मी डबा उघडायच्या आत तुम्ही स्वतः सांगितलंत. मी हे जाहीर केलेलं धरते. जा आता."

आयुष्यात पहिल्यांदा मी रिकामा घरी आलो.

अवधूत चिडलाच. "वेडी आहेस का तू? आपली फाइल माहितीये ना? दाण्यांसाठी?" वल्लरीने भांडण केलं नाही. स्वयंपाकघरात मला मधे ठेवून तिने सगळं सांगितलं, म्हाताऱ्यासकट. तो ऐकत गेला, मग उठून गॅरेजमध्ये गेला. मला वाटलं, आली पुन्हा वायरींची पाळी. पण तो नक्षी कोरायचं छोटं मशिन घेऊन आला. "नावं कुठे कोरायचीत?" एवढंच म्हणाला.

शिवांगी येऊन उभी राहिली. "आई, इज इट एम्प्टी?"

"नाही," वल्लरी म्हणाली. "ये, तू पण बस."

क्लोदीनने फोनवर दहा नावं नीट सांगितली आणि वल्लरीने ती आपल्या लिपीत माझ्या झाकणावर, तिच्या आईच्या नावाखाली कोरली. दुखलं. नागपूरला दुखलं होतं त्याहून जास्त. अकराव्या जागी काय घालायचं, ते कुणाला सुचेना. मग शिवांगीने मशिन मागून घेतलं आणि एक ठिपका काढला, घेवड्याएवढा. तोही मोजायचाच आहे.

या उन्हाळ्यात क्लोदीन मावशीकडे जाते आहे आणि मी तिच्याबरोबर चाललो आहे. आत चिवडा आहे. तिथे मावशी झाकणावरून बोट फिरवेल आणि मोजेल. म्हणून मित्रांनो, एकच विनंती. वाटेत कधी मी तुमच्या मोरीत घासायला आलो, तर मला तारेच्या घासणीने घासू नका. मऊ फडकं घ्या आणि झाकणावर हात हलका ठेवा. आणि कुणी विचारलं या डब्यात काय आहे, तर काही नाही असं म्हणू नका.