पोलिसांच्या कागदाआधी

सन बासष्ट. नर्सिंगच्या शिक्षणाचा माझा शेवटचा महिना. ब्राह्मणपुरी गावाहून भटू नावाच्या शेतकऱ्याला बैलगाडीतून आमच्या इस्पितळात आणलं. बांधाच्या भांडणात मांडीवर कुऱ्हाड बसली होती.

डॉक्टर म्हणाले, "मारामारीची केस आहे. पोलिसांचा कागद येईपर्यंत हात लावायचा नाही."

"बाई, मन्हा भाऊ मरी ऱ्हायना!" त्याची बहीण ओरडली.

मी जखम दाबून धरली, वर पट्टा करकचून आवळला. रक्त थांबलं. दोन तासांनी हवालदार कागद घेऊन आला, तेव्हा भटू पाणी मागत होता.

"डॉक्टरीण झालीस का गं? माफीनामा लिही, नाहीतर सर्टिफिकेट विसर," डॉक्टर माझ्यावर खेकसले.

मी लिहिलं, "कागद आला तेव्हा माणूस जिवंत होता, कारण मी हात लावला होता. उद्या दुसरा जखमी आला तर त्यालाही लावीन."

खाली सही ठोकली आणि भटूची पट्टी बदलायला गेले.