आडवा उतार

भाची नकाशे काढते आणि मावशी स्वप्नं बघते, अशी घरात थट्टा चालायची. मावशीचं स्वप्न तरी केवढं? नव्या वाचनालयात फाटकापासून दारापर्यंत चाकांच्या खुर्चीतून एकटीनं जायचं, कोणाचाही हात न लागता. पाय गेल्यापासून ती एकटी कुठे गेलीच नव्हती. जो तो प्रेमानं ढकलायचा, आणि प्रेमाला नाही म्हणायची सोय असते का?

ती वाट आखायचं काम भाचीकडेच आलं, आणि तिनं जिवाचं रान केलं. चढ नियमात, रुंदी नियमात, मध्ये टेकायला सपाट जागा, तीही नियमात. उद्घाटनाच्या आदल्या दुपारी तिनं मावशीला फाटकाशी सोडलं. पांढऱ्या फरशीवर ऊन सांडलेल्या दुधासारखं पसरलं होतं. खुर्ची निघाली, आणि कुणी गोड बोलून बोलवावं तशी हळूहळू डावीकडे, फुलांच्या वाफ्याकडे वाहत जाऊ लागली. मावशी आधी हसली. मग डावं चाक रेटून रेटून तिचा हात भरून आला आणि ती अर्ध्या वाटेवर थांबली.

भाचीनं फरशीवर उतार बघायची पाणसळ आडवी ठेवली. बुडबुडा पार एका कडेला पळाला. पाणी साचायला नको, कडेकडे चांगला उतार द्या, असं गवंड्याला तिनंच बजावलं होतं. लांबीचा चढ पुन्हा पुन्हा तपासला, आणि आडवा उतार बघायचाच राहिला. नियमात त्याचीही मर्यादा दिली होती की! कपाळ माझं, म्हणत ती खालीच बसली.

शेजारी उभा ठेकेदार म्हणाला, एवढं कोण बघतंय, मागून कुणीतरी ढकलेलच.

मावशीनं मान खाली घातली. "राहू दे गं. ढकल तू."

भाचीचा हात खुर्चीच्या मुठीपर्यंत गेला आणि तिनं तो मागे घेतला.

"नाही ढकलणार," ती म्हणाली. मग ठेकेदाराकडे वळली. "फरशी उखडा."

उद्घाटन लांबलं. ऑफिसात साहेबांनी तिची बिनपाण्याची केली. मावशीही रागावली, एवढ्याशासाठी हातची नोकरी घालवशील म्हणून.

नवी फरशी बसली तेव्हा पुन्हा तसंच निवांत ऊन होतं. खुर्ची सरळ निघाली, आवाज न करता, स्वप्नात जावं तशी. भाची फाटकाशीच उभी राहिली. मावशी वळून बघेल, निदान हात तरी हलवेल, असं तिला वाटत होतं. मावशीनं दार ढकललं आणि आत गेली. भाचीला आनंदानं भरून आलं. मावशी तिला पार विसरली होती.