सरलासाठी बसवलेला भोंगा

उखाच्या दारासमोर गटार होतं, आणि त्यावर टाकायची फळी घरातच ठेवावी लागायची. बाहेर राहिली की ती कुणाच्या तरी चुलीत गेलीच म्हणून समजा. त्यामुळे संध्याकाळी कतारगामातल्या आपल्या गल्लीच्या तोंडाशी आला की उखा मोटारसायकलचा हॉर्न दाबायचा आणि त्याची बायको सरला फळी घेऊन बाहेर यायची. आपल्या हॉर्नवर बायको धावत येते, याचा गड्याला भारी तोरा होता.

पंच्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर मात्र फळी येईना. आत जाऊन पाहावं तर सरला पाठमोरी बसलेली, शेजारी दूध उतू चाललेलं. कित्येक वर्षं तिनं लूमवर सुताच्या कांड्या भरल्या होत्या. मागांच्या खडखडाटानं कान गेले, आता इलाज नाही, असं डॉक्टरनं सांगितलं. उखाची मोटारसायकल तिच्याच कांड्यांच्या पैशांवर आली होती. तो हे मानायलाच तयार होईना. शेवटी, डॉक्टरला काय कळतंय, आपला हॉर्नच मरतुकडा आहे, असं त्यानं ठरवून टाकलं.

भाईदास मिस्त्रीनं भंगारातल्या जुन्या मोटारीचा भोंगा काढून गाडीला बसवला. "आखुं कतारगाम जागशे, उखाभाऊ!" तो गुजरातीत म्हणाला. उखाला तेच हवं होतं. घरी येऊन त्यानं सरलाला भोंगा दाखवला आणि तिच्यासमोर तोंड धरून सांगितलं, "आते तुले ऐकू येई!" त्याचा आनंद बघून तीही हसली.

दुसऱ्या संध्याकाळी भोंगा वाजला. कुत्री पळाली, म्हाताऱ्यांनी उखाचा उद्धार केला, आणि सरला फळी घेऊन दारात हजर! उखाला आभाळ ठेंगणं झालं. पुढे महिनाभर त्यानं गल्लीच्या शिव्या हसत खाल्ल्या.

मग एकदा खड्ड्यात गाडी आदळली. गल्लीच्या तोंडाशी त्यानं बटण दाबलं, तर आवाजच नाही. पुन्हा दाबलं. खाली वाकून पाहिलं तर तार तुटून लोंबत होती. मान वर केली तर सरला फळी घेऊन उभी, एक हात कानावर.

"बंद करा आते! कितला मोठा वाजाडतस! मना कान फुटतीन."

उखानं समोर पाहिलं. घरासमोरच्या भिंतीवर त्याच्या गाडीच्या दिव्याचा गोल पडला होता. म्हणजे रोज ती उंबऱ्यात बसून त्या भिंतीकडे डोळे लावत होती, त्याचं मन मोडू नये म्हणून. गाडी फळीवरून नेताना त्याला पुढचं दिसेना.

"ऐकू उना ना तुले?" त्यानं विचारलं.

त्याच्या ओठांकडे बघत ती म्हणाली, "उना ना! ऐकू उना म्हनीसनच त फळी लीसन उनू."

तार त्यानं पुन्हा जोडली नाही. रोज संध्याकाळी तो भिंतीवर दिवा धरायचा, मुका भोंगा दाबायचा, आणि सरला कानावर हात ठेवून, हसत, फळी घेऊन यायची.