उशिरा आलेलं यंत्र

“काका, तोंड कशाला पाडून बसलात? यंत्र काही तुमची खुर्ची पळवत नाही!” पलीकडच्या टेबलावरचा तंत्रज्ञ ओरडला आणि सगळी प्रयोगशाळा हसली.

काका हसले नाहीत. काचेपलीकडे यंत्राचा हात पेशी उचलत होता, ठेवत होता. त्याला ना चहा लागत होता, ना त्याची पाठ दुखत होती. हेच काम काकांनी जन्मभर केलं होतं. इथली औषधं जिवंत पेशींकडून बनवून घ्यावी लागत. हजारो पेशींतून भरपूर औषध देणारी एक हुडकायची, म्हणजे पिपेट धरून डोळ्यांत तेल घालून बसणं आलं. मागच्या औषधाची पेशी हुडकता हुडकता अख्खा हिवाळा सरला होता. नव्या औषधाची हे यंत्र आठवड्यात हुडकणार होतं.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम, वयाने काकांच्या लेकीएवढ्या, स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसल्या.

“काका, तुमची नोकरी कुठेही जात नाही. हवं तर लिहून देते.”

“नोकरी गेली खड्ड्यात हो!” काका म्हणाले आणि स्वतःच ओशाळले. “मॅडम, हे यंत्र तेव्हाच का नाही आणलंत?”

मॅडमना काही कळेना. त्या इथे नव्या होत्या. मग काकांनीच सांगून टाकलं.

मागचं औषध त्यांच्या बायकोच्याच आजारावरचं होतं. रुग्णांवर चाचणी सुरू झाली की तिला घेऊ, असं डॉक्टरांनी कबूल केलं होतं. संध्याकाळी काका चपला काढताहेत तोच ती अंथरुणातून विचारायची, “सापडली का हो?”

“आज नाही. उद्या बघू.”

“तुमच्या हातात काम दिलं म्हणजे झालंच! भाजी निवडायला बसवलं तर जेवायला मध्यरात्र व्हायची.”

दोघंही हसायची. पुढे पुढे ती नुसतं बघायची आणि काका नुसती मान हलवायचे. पेशी सापडली, औषध झालं, चाचणीही सुरू झाली. तोवर तिला जाऊन दोन महिने झाले होते.

“याहून भरभर कुणालाच जमलं नसतं, अशी मनाची समजूत घातली होती मी,” काका म्हणाले. “आता हे बघतोय, आणि...” त्यांनी काचेपलीकडच्या यंत्राकडे बोट केलं.

“त्यात तुमचा काय दोष, काका?”

“दोष कुणाचाच नाही हो. पण ती गेली ना.”

शनिवार होता. चारच्या सुमारास माणसं बॅगा आवरू लागली. “पेशींच्या उरलेल्या प्लेटा सोमवारी लावू,” म्हणत मॅडमनी यंत्राच्या बटणाकडे हात नेला.

“सोमवारी?” काका ताडकन उठले. “चालू राहू द्या. प्लेटा बदलायला माणूसच लागतो ना? मी थांबतो.”

“अहो, दोन दिवसांनी असा काय फरक...” मॅडमनी जीभ चावली.

“कुणाच्या तरी घरी रोज विचारत असतील, मॅडम. त्यांना काय सांगायचं, मध्ये रविवार आला म्हणून?”

मॅडमनी हात मागे घेतला. काकांनी हातमोजे चढवले, पेशींचं उबदार कपाट उघडलं आणि पुढची प्लेट जपून बाहेर काढली.

“तुम्ही निघा,” ते म्हणाले. “मला काही घाई नाही. घरी कुणी वाट बघत नाही.”