मला जरा बंद करा

मित्रांनो, मी एक जुना पोपट आहे. पंख नाहीत, मिरची खात नाही. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मामांच्या फोनमध्ये राहतो. मी ॲप आहे.

माझा जन्म मामांच्या वहीमुळे झाला. त्यांच्याकडे चाळीस लिफ्ट होत्या आणि प्रत्येकीच्या खोडी त्यांनी वहीत टिपल्या होत्या. एके दिवशी वही ऑइलच्या डब्यात पडली. मामांनी ती दोरीवर वाळत घातली. दोन दिवसांनी ती वाळली, पण अक्षरं दोरीखालच्या फरशीवर उतरली होती.

तेव्हा त्यांच्या भाचीने मला लिहिलं. खरं तर मी एक वेबसाइट. माझ्या पत्त्याला कुलूप आहे, म्हणजे वाटेत कुणी माझं बोलणं बदलू शकत नाही. भाचीने मला ओळखपत्रासारखी एक छोटी फाइल दिली. तिच्यात माझं नाव होतं आणि चित्र होतं. चित्र लिफ्टचं काढायचं होतं, पण ते पिंजऱ्यासारखं दिसायला लागलं, म्हणून तिने आत पोपट बसवला. त्या ओळखपत्रावर मी फोनच्या पहिल्या पानावर जाऊन बसलो, ॲपच्या दुकानाची पायरीही न चढता. अशांना प्रोग्रेसिव्ह वेब ॲप म्हणतात. मामांना हे नाव एका दमात घेता येत नाही. ते पोपटच म्हणतात.

माझ्या पोटात एक राखणदार आहे, सर्व्हिस वर्कर. नेटवर्क असलं की तो माझी पानं फोनमध्ये साठवून ठेवतो. नेटवर्क गेलं की साठ्यातून काढून देतो. त्यामुळे जिथे फोन नुसता विटेसारखा पडून असतो, त्या तळघरांतही मी घडाघडा बोलायचो. मामा चारचौघांत मला दाखवायचे, "नेट नाही, काही नाही, तरी बघा कसा बोलतो!"

पण मामांचा एक नियम होता. चालू वस्तू बंद करायची नाही. लिफ्टला तो लागू असेल. मामा तो पंख्याला, रेडिओला आणि मलाही लावायचे. वर्षभर त्यांनी मला एकदाही मिटलं नाही.

आता आमच्यात रीत अशी, की भाचीने माझ्यात बदल केला की नवा पोपट गुपचूप फोनमध्ये उतरतो आणि दाराबाहेर थांबतो. जुना मिटल्याशिवाय तो आत येत नाही. बिचारा आठवडाभर उभा होता. आणि मी आत बसून जुनंच पढवलेलं बोलत होतो.

मामांच्या ताई सहाव्या मजल्यावर राहतात. इमारतीची लिफ्ट मामांकडे आल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, त्या जिन्याने येत-जात होत्या. कारण विचारलं की म्हणायच्या, "ह्याला मी लहानपणी सायकल दुरुस्त करताना पाहिलंय." पण यंदा गुडघा बोलायला लागला. मामांनी महिनाभर विनवण्या केल्या. शेवटी एका दुपारी ताई घरी वर जायला लिफ्टमध्ये शिरल्या.

तळमजल्याच्या जरा वर लिफ्ट थांबली.

मामा तळघरात धावले. लिफ्टच्या कंट्रोल बोर्डावर बिघाडाचा आकडा होता, सत्तावीस. मला विचारलं. मी छातीठोकपणे म्हणालो, सत्तावीस म्हणजे कुठलं तरी दार उघडं. नव्वद किलोचे मामा सहा मजले चढले, सगळी दारं तपासून उतरले आणि रीसेटचं बटण दाबलं. पुन्हा सत्तावीस. पुन्हा सहा मजले, पुन्हा रीसेट.

"बारक्या," लिफ्टमधून आवाज आला, "सायकलला निदान पाय तरी टेकत होते रे!"

तेवढ्यात भाची खाली आली. तिने माझ्याकडे पाहिलं.

"मामा, ही जुनी यादी आहे. गेल्या महिन्यात बोर्ड बदललास ना तू? नव्या बोर्डाचे आकडे मी मागेच टाकलेत. ॲप बंद कर."

"चालू आहे की!"

"म्हणूनच बंद कर!"

"काय बंद करताय?" ताई ओरडल्या. "दिवा तेवढा राहू द्या गं!"

मामांनी डोळे मिटून मला मिटलं. पुन्हा उघडलं. तळघरात नेटवर्क नव्हतंच, पण बाहेर थांबलेला नवा पोपट आत आला आणि म्हणाला, "सत्तावीस : मोटर तापली आहे. दहा मिनिटं कशालाही हात लावू नये. रीसेट केल्यास दहा मिनिटं पहिल्यापासून."

मामांनी रीसेट दोनदा दाबलं होतं. ते हात पाठीमागे बांधून उभे राहिले. माझा तर, मित्रांनो, पोपट झाला होता.

"ताई, आता मी काहीच करणार नाही," मामा पडेल आवाजात म्हणाले.

"हे आधी सुचलं असतं तर?" थोड्या वेळाने आवाज मऊ झाला. "सहा मजले दोनदा चढलास ना? पाणी पी जा."

दहा मिनिटांनी लिफ्ट अलगद तळमजल्याला आली आणि मामा मला घेऊन तळघरातून वर धावले. ताई बाहेर आल्या आणि थेट जिन्याकडे वळल्या. मामांचा चेहरा माझ्या स्क्रीनवर दिसत होता. पडला होता.

मित्रांनो, आम्ही म्हातारे हट्टाने जुनं सांगत नाही. आम्हाला बंद करायला कुणी धजत नाही, एवढंच. म्हणून अधूनमधून मिटत जा आम्हाला. आम्हाला राग येत नाही. उलट ताजे होऊन येतो.

ताई पहिल्या पायरीवर थांबल्या होत्या. गुडघ्यावर हात ठेवून त्या माघारी फिरल्या, लिफ्टमध्ये शिरल्या आणि म्हणाल्या, "चल बारक्या, तूही ये. पण आधी तो पोपट एकदा बंद करून उघड."